एका दिवसाचं जैसलमेर

"जैसलमेर एका दिवसात बघायचं ना, प्रमिलाताई, तर आधी हा कागद बाजूला ठेवावा लागेल," मृणाल सबनीस म्हणाली, आणि शालन हसली.

मृणाल बोलली ते एक वेळ मी गिळलं असतं. पण शालननं हसावं?

मधली सुट्टी होती. स्टाफरूमच्या टेबलावर माझा फुलस्केप कागद पसरलेला. डाव्या बाजूला वेळा, उजव्या बाजूला ठिकाणं, मधे लाल शाईनं अंतरं. कऱ्हाडच्या आमच्या मुलींच्या शाळेतल्या आम्ही चार-पाच जणी दर नाताळच्या सुट्टीत कुठेतरी जायचो आणि अकरा वर्षं त्या सहलीचा आराखडा मीच करत होते. भूगोल शिकवत होते ना! हंपी, उज्जैन, कोणार्क, सगळं माझ्या कागदावर पार पडलेलं. बदामीला एकदा बस चुकली, पण ती आमच्या चित्रकलेच्या जाधवबाई बांगड्या घेत बसल्या म्हणून. कागदाचा काही दोष नव्हता.

"का बरं?" मी विचारलं. "सकाळी आठ ते दहा किल्ला, सव्वादहाला हवेल्या, बाराला तलाव. यात वाईट काय आहे?"

"बाराला गडीसरला काही दिसत नाही हो. नुसतं ऊन डोळ्यांवर येतं. तलाव बघायचा सूर्य उगवताना. हवेल्या मात्र बाराला, तेव्हा त्या गल्ल्यांमधे सावली असते. आणि दुपारी दोन तास काहीही बघायचं नाही. माणसानं पडायचं."

"पडायला कऱ्हाड काय वाईट आहे?" मी म्हटलं. यावर कुणी हसलं नाही.

मृणाल जूनमधे संगीताची शिक्षिका म्हणून आमच्याकडे आली. नवरा फौजेत होता, त्याच्याबरोबर तीन वर्षं ती जैसलमेरला राहिलेली. वय चाळिशीच्या आत, गळा गोड, साड्या सगळ्या कॉटनच्या आणि कधी चुरगळलेल्या नाहीत. सहा महिन्यांत तिनं सगळी स्टाफरूम खिशात घातली. बाकी सगळी घातली असती तरी चाललं असतं मला, पण तिनं शालनलाही घातलं.

शालन पाटणकर मराठी शिकवायची. तिची आणि माझी खुर्ची बावीस वर्षं शेजारी शेजारी होती. तिच्या डब्यातली भाजी मला आणि माझ्यातली तिला, हे असं चाललेलं की आमच्या नवऱ्यांनाही कुणाच्या घरची भाजी कुठली ते ओळखू यायचं. मला 'प्रमे' म्हणणारी जगात एकटी तीच. जून उलटला आणि डब्याचं तिसरं भांडं आलं. मग शालन शनिवारी मृणालकडे भजनं शिकायला जायला लागली. मग एक दिवस मी तिला काहीतरी सांगायला लागले, तर म्हणाली, "अगं हो, मृणाल बोलली मला." जळफळाट म्हणजे काय ते मला पन्नाशीला कळलं. मुलींना मत्सर शब्द वाक्यात वापरायला सांगतात ना, तसा मी तो सहा महिने रोज वापरत होते.

"मग तूच कर बाई आराखडा," शालन मृणालला म्हणाली. "तू राहिलेली आहेस तिथे. आमची प्रमी काय, नकाशातलं वाळवंट शिकवते."

मी कागदाची घडी घातली. बावीस वर्षं फळ्यावर खडूनं थरचं वाळवंट काढत आले होते मी, ते असं एका वाक्यात पुसलं गेलं.

मृणालनं दोन दिवसांत नवा आराखडा आणला. वहीच्या पाठकोऱ्या पानावर, वेळा अंदाजे, अक्षर मात्र मोत्यासारखं. जोधपूर दोन दिवस, मग रात्रीच्या गाडीनं जैसलमेर. पहाटे उतरून गडीसर तलाव, मग किल्ला, हवेल्या, आणि दुपारचं जेवण गायत्रीभाभींकडे. या गायत्रीभाभी म्हणजे तिच्या तिथल्या शेजारीण. गच्चीवर गोवऱ्यांचा विस्तव करून, त्यात भाजलेल्या बाट्या, डाळ, चुरमा.

"नऊ वर्षांनी भेटणार आहे मी त्यांना," मृणाल म्हणाली. "पत्र टाकलंय. त्या म्हणतात, कुणीही उपाशी गेलेली चालणार नाही. संध्याकाळी जीपनं वाळूच्या टेकड्यांवर. सूर्यास्त, गाणी, तिथेच जेवण, आणि परत."

"तारीख?" मी विचारलं.

"सव्वीस डिसेंबर."

भिंतीवर कॅलेंडर होतं. माझी नजर सवयीनं तिकडे गेली आणि त्या चौकोनात मला गणपतीचं लाल चित्र दिसलं. संकष्टी!

आता ही संकष्टी काय आहे ते सांगायला हवं. शालनचा केदार दोन वर्षांचा असताना त्याला मेंदूज्वर झाला. बारा दिवस मिरजेच्या दवाखान्यात तो डोळे उघडत नव्हता. तेव्हा तिनं संकष्टी धरली. चंद्र दिसेपर्यंत फार तर उपासाचं काही, अन्नाचा कण नाही, जन्मभर. केदार उठला. पोरगा आता पुण्यात इंजिनिअरिंगला होता. आणि त्या पहिल्या महिन्यापासून, संकष्टीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सात वाजता, मी तिला आठवण करायची. आधी तिच्या घरी जाऊन, फोन आल्यावर फोनवर. "शालन, उद्या संकष्टी गं." आणि ती दर वेळी म्हणायची, "बरं झालं बाई सांगितलंस, विसरलेच होते!" एकोणीस वर्षं. मी स्वतः उपास करत नाही, देवाचं आणि माझं फारसं जमत नाही. पण शालनची संकष्टी चुकू द्यायची नाही हे काम मी माझ्याकडे घेतलेलं. तिच्या घरातलं ते एवढं एक काम माझं होतं.

मी तोंड उघडलं. "शालन, अगं सव्वीसला…"

"प्रमे, आता तारखेतही खोड काढू नकोस हं," शालन म्हणाली. "छान केलाय तिनं सगळा बेत."

मी तोंड मिटलं. आणि मिटल्यावर मला जे सुचलं ते सांगायला आजही लाज वाटते. मला वाटलं, नाहीच सांगायचं आता. जाऊ दे तिला सव्वीसला. पानं मांडली जातील, बाट्यांवर तूप पडेल, आणि मग मी अगदी हळू म्हणेन, "अगं बाई, पण आज तर संकष्टी! शालनचा उपास! मृणाल, तू कॅलेंडर नाही बघितलंस?" तिचा तो मोत्यासारखा बेत सगळ्यांच्या देखत फिसकटेल, आणि शालनला कळेल की नकाशातलं वाळवंट शिकवणाऱ्या बाईशिवाय तिचं पान हलत नाही. पंधरा दिवस मी हे वाक्य घोळवत होते. आंघोळ करताना, पेपर तपासताना. एकदा तर वर्गात नववी ब समोर ओठ हलले माझे.

पंचवीस तारखेला संध्याकाळी आम्ही जोधपूरच्या धर्मशाळेत सामान आवरत होतो. मृणाल, जाधवबाई आणि आमच्या लायब्ररीच्या लताबाई खाली रिक्षा बघायला गेलेल्या. खोलीत मी आणि शालन. सात वाजले. शालन तीच साडी दुसऱ्यांदा घडी घालत होती.

"प्रमे, उद्याचं काही लक्षात ठेवायचंय का गं?"

"टोपी घे," मी म्हटलं. "ऊन लागेल."

"बास? एवढंच?"

"आणि काय! बाकी तुझी मृणाल आहे की."

तिनं साडी बॅगेत ठेवली आणि चेन लावली.

पहाटे गडीसरला पोचलो. मृणालचं बरोबर होतं, मेलीचं. तलावाच्या पाण्यात पिवळ्या दगडाच्या घुमटी छत्र्या उभ्या होत्या आणि सूर्य वर आला तसा सगळा दगड पिकल्या आंब्याचा होत गेला. जाधवबाई आपली चित्रकलेची वही काढून बसल्या. शालन म्हणाली, "मृणाल, केवढं सुंदर दाखवलंस गं!" मी मनात हिशेब करत होते की दुपारच्या जेवणाला अजून सहा तास आहेत.

किल्ल्याच्या दारात मृणालनं सगळ्यांना गरम कचोऱ्या घेतल्या. मी मृणालकडे बघत होते. ती कशी हसते, दुकानदाराशी मारवाडीत कशी बोलते, पदर कसा सारखा करते. शालननं आपली कचोरी कोपऱ्यावरच्या गाईला घातली. मला वाटलं, हिला गाईचं वेड.

बाराला हवेल्यांच्या गल्लीत सावली होती. तेही बरोबर.

गायत्रीभाभी दारातच उभ्या होत्या. साठीच्या, ठेंगण्या, डोक्यावरून केशरी ओढणी. मृणालला बघितलं आणि दोघी गळ्यात पडून रडायला लागल्या. "इतनी दुबली हो गयी, खाती नहीं है क्या?" म्हणत त्यांनी तिचे दोन्ही गाल धरले. लताबाईंनीही डोळे पुसले. मी गच्चीच्या पायऱ्या मोजत वर गेले. सव्वीस होत्या.

गच्चीवर सतरंजी घातलेली. पाच ताटं. शालन "हात धुऊन येते" म्हणून भाभींबरोबर आत गेली, बराच वेळ आतच होती, मग येऊन मृणालच्या शेजारी बसली. माझ्या शेजारी जागा असताना! भाभींनी राखेतून बाट्या काढल्या, फडक्यात झटकल्या, तुपात बुडवल्या. तो वास! ताटं भरली. माझं वाक्य जिभेच्या टोकावर आलं. 

आणि शालननं आपल्या ताटातली बाटी मोडली, चुरम्यात घोळवली, आणि पहिला घास मृणालच्या तोंडात घातला.

"घे. नऊ वर्षांनी माहेरी आलीस ना? तुझा पहिला."

बावीस वर्षांत तिनं मला घास भरवला नव्हता. आम्ही डबे बदलायचो, पण घास?  मृणालचे डोळे भरले, तिनं मान खाली घातली. मी तिच्याकडे बघत होते, एकटक. अंगाचा नुसता तिळपापड. माझं वाक्य तसंच राहिलं. शालननं दुसरा घास लताबाईंना दिला का काय, मला आठवत नाही. मी भानावर आले तेव्हा शालनच्या ताटात चुरमा विस्कटलेला होता, डाळीची वाटी अर्धी, आणि ती बोटं पुसत होती.

झालं. संपलं. मोडली संकष्टी.

 आता कुठल्या तोंडानं सांगणार? एकोणीस वर्षांत एकदाही न चुकलेली, केदारच्या जिवासाठी धरलेली. आणि माहीत असून मी बघत बसले.

"प्रमिलाताई, जेवा ना," मृणाल म्हणाली. "बाटी आवडली नाही का?"

"आवडली की," मी म्हटलं. उरलेली बाटी मी कशीबशी संपवली.

दुपारी सगळ्या पडल्या. मला डोळा लागेना. मी उठले, गल्लीच्या तोंडाशी एसटीडीचं दुकान होतं तिथे गेले आणि पुण्याला केदारच्या होस्टेलला फोन लावला. देवाचं आणि माझं जमत नाही म्हटलं ना? पण केदारचा आवाज ऐकायचाच होता. सुट्टीतही अभ्यासाला म्हणून तो तिथेच राहिलेला.

"केदार, बरा आहेस ना रे?"

"हो मावशी. काय झालं? आई बरी आहे?"

"बरी आहे. तू मोटरसायकल नाही ना काढलीस आज?"

"नाही. का?"

"काढू नकोस."

"बरं," तो हसला. "मावशी, आज आईची संकष्टी ना? तिला फार उन्हातान्हात फिरवू नका. ती काही बोलत नाही, पण तिला चक्कर येते हल्ली."

मी फोन ठेवला. दुकानदारानं विचारलं, "बहनजी, तबीयत ठीक है?"

संध्याकाळी वाळूच्या टेकड्या. सूर्य कसा बुडाला ते मला विचारू नका. मृणालनं गाणं म्हटलं, तंबूवाल्यांनी ढोलक वाजवला, जाधवबाई उंटावर बसल्या आणि किंचाळल्या. मी शालनच्या मागे मागे होते. तिला पाणी देत होते, शाल देत होते. ती घेत होती, बोलत नव्हती. अंधार पडला, जेवणाची हाक आली. मृणाल आणि बाकीच्या तंबूकडे गेल्या. शालन उठून उलट दिशेला, टेकडीच्या पलीकडे चालायला लागली.

"अगं, कुठे?"

"ये यायचं तर."

पलीकडे वाळू थंडगार होती. ती पूर्वेकडे तोंड करून बसली. मी शेजारी बसले. आता सांगायलाच हवं होतं.

"शालन, माझ्याकडून एक फार वाईट झालंय."

"थांब जरा," ती म्हणाली. "उगवू दे."

तिनं पर्समधून स्टीलची डबी काढली. तिच्यात ओल्या रुमालाची घडी होती. घडी उघडली तर आत दूर्वा. थोड्या पिवळ्या पडलेल्या, पण नीट दोऱ्यानं बांधलेली एकवीसची जुडी. तिच्या अंगणातल्या. कऱ्हाडच्या. आम्ही घर सोडून पाच दिवस झाले होते.

 मी त्या दूर्वांकडे बघत राहिले.

"तू… तू दुपारी जेवलीस ना?"

"जेवले कुठे? भाभींना आत जाऊन सांगितलं मी, चौथ आहे म्हणून. त्यांनी चुलीपाशीच ताक आणि उकडलेला बटाटा दिला. मृणालला कळू नको म्हटलं, तिनं एवढ्या हौसेनं ठरवलेलं. मग ताट रिकामं करायला नको? एक घास तिला, एक लताबाईंना. बाकी नुसतं विस्कटलं, थोडी डाळ त्यातच ओतली." ती माझ्याकडे न बघताच बोलत होती. "तुझ्यासमोर बसले होते मी. पण तू माझ्या ताटाकडे कुठे बघत होतीस? दिवसभर तू तिच्याकडे बघत होतीस."

"म्हणजे तुला आधीपासून माहीत होतं?"

"पोराच्या जिवासाठी धरलेली गं. विसरेन होय मी? माझ्या देवघरात पंचांग आहे, स्वयंपाकघरात कॅलेंडर आहे."

"मग दर महिन्याला 'विसरलेच होते' म्हणायचीस ते?"

"तू इतकी हौसेनं सांगायचीस." तिनं जुडीचा दोरा सारखा केला. "मला बरं वाटायचं. माझ्या पोराचं आणखी कुणाच्या तरी लक्षात आहे असं वाटायचं. सव्वासहापासून मी फोनच्या आसपास काम काढायची."

काल सात वाजता खोलीत घडी घातलेली साडी पुन्हा मोडून घडी घालणारी शालन मला दिसली.

"काल वाट बघितली मी तुझी," ती म्हणाली. "म्हटलं, विसरली असेल प्रवासात. मग सकाळी म्हटलं, आता सांगेल. कचोरीच्या वेळी म्हटलं, आता. विसरलीस का गं, प्रमे?"

खोटं बोलायची वाट तिनं मला स्वतः करून दिली होती. हो म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. तिला तेच हवं होतं बहुतेक.

"नाही," मी म्हटलं. "मला माहीत होतं. स्टाफरूममधेच कॅलेंडरवर बघितलं. मला पानावर सांगायचं होतं. सगळ्यांसमोर. मृणालची फजिती व्हावी म्हणून."

 तंबूकडून ढोलकाचा आवाज येत होता.

"आणि मग का नाही सांगितलंस?"

"तू तिला घास भरवलास."

"म्हणजे मी जेवतेय असं तुला वाटलं," ती सावकाश म्हणाली, "आणि तू मला जेवू दिलंस."

मी रडायला लागले. ती नाही रडली. वाळूच्या कडेवर तांबूस उजेड आला आणि चंद्र वर निघाला, एका बाजूनं झिजलेला. शालननं दूर्वा वाळूवर ठेवल्या, बाटलीतलं पाणी सोडलं, हात जोडले. मग डबीच्या झाकणातून पेढ्याचा तुकडा काढला, अर्धा स्वतः खाल्ला, अर्धा माझ्या हातावर ठेवला.

"चल," ती म्हणाली. "त्या वाट बघत असतील."

टेकडी उतरताना तिनं माझा हात धरला. वाळूत पाय रुतत होते म्हणून.

मृणालला यातलं काही कधी कळलं नाही. पुढे तिच्या नवऱ्याची बदली झाली, ती गेली. जाताना माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "प्रमिलाताई, तुमच्यासारखा आराखडा मला कधी जमला नाही." शालननं तेव्हा माझ्याकडे बघितलंही नाही. आमच्या खुर्च्या निवृत्तीपर्यंत शेजारी राहिल्या, डबेही बदलत राहिले. भांडण असं कधी झालंच नाही.

जैसलमेरहून आल्यावर जानेवारीत, संकष्टीच्या आदल्या दिवशी, मी सात वाजता फोन लावला. पहिल्याच घंटेला तिनं उचलला.

"शालन, उद्या संकष्टी गं."

 ती म्हणाली, "हो, माहीत आहे."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, पाया पडले असते, काहीतरी केलं असतं. याला सत्तावीस वर्षं झाली. केदारला आता दोन मुली आहेत. मी अजून दर महिन्याला सात वाजता फोन करते, ती अजून पहिल्या घंटेला उचलते. "हो, माहीत आहे," म्हणते, केदारचं सांगते, गुडघ्यांचं सांगते. आणि बोलणं संपलं तरी मी लगेच फोन ठेवत नाही, थोडं थांबते.